तिसरं ताट

आईला पौषात झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा परत आला, आणि बोलण्यातलं सगळं जाऊन एवढंच उरलं, "चला चला." भूक लागली तरी चला चला, पंखा लावा म्हणायचं असलं तरी चला चला. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, गोळी द्यायला उशीर केला तर तेच शब्द दातओठ खाऊन. जन्मभर ती आम्हाला हाकत आली होती. चला, पानं वाढलीत. चला, फुलं वेचायची आहेत. चला, झोपा आता. म्हणून कदाचित तेवढंच तिच्या तोंडाला चिकटून राहिलं असेल. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं. त्या 'असं होतं'चा मला फार राग आला, पण पुढे काय विचारायचं हेही सुचलं नाही.

आई दादा-वहिनीकडे असते, नंदाखालला, आमच्या वाडीतल्या घरी. मी विरारला, सातव्या मजल्यावर. नोकरी संपली, नवरा गेला, मुलगी बंगलोरला, म्हणजे मला वेळच वेळ. दिवसाआड रिक्षा बदलत जायचं, आईसमोर बसायचं आणि कुणाच्याही काही उपयोगी न पडता परत यायचं. माणिकपूरहून एक मुलगी तिला बोलायला शिकवायला यायची, चित्रांचे पत्ते घेऊन. "आजी, हे काय आहे?" पत्त्यावर कप. आई पत्त्याकडे बघायची, मग त्या मुलीकडे कीव आल्यासारखी बघायची आणि म्हणायची, "चला चला." तिला कप माहीत होता. डाव्या हाताने तो तोंडाला लावून दाखवायची, वर फुंकरसुद्धा घालायची. शब्द तेवढा येत नव्हता. हे बघताना माझे दोन्ही धडधाकट हात नुसते मांडीवर पडून असायचे.

श्रावण लागला तशी ती एक नवीन खूण करायला लागली. डावा हात उचलायचा, खांद्यावरून मागे न्यायचा आणि चला चला. आम्ही अर्थ लावायला बसलो. दादा म्हणाला, पाठ खाजतेय. पावडर लावली. नाही. मी म्हटलं, ब्लाउजचा हूक टोचत असेल. ब्लाउज बदलला. तरी नाही. दादाने बाम चोळायला घेतला तेव्हा तिने त्याच्या हातावर सणसणीत चापटी मारली. एका म्हातारीच्या पाठीला आम्ही जे जे सुचेल ते फासत होतो आणि वर एकमेकांनाच अक्कल शिकवत होतो. शेवटी एका दुपारी वहिनी भांडी लावत असताना आईने तिचा पदर धरला, मांडणीवरच्या ताटाकडे बोट केलं आणि पुन्हा हात खांद्यावरून मागे नेला.

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "पिठोरी."

आई खुर्चीत मागे टेकली आणि तिने डोळे मिटले. इतकी साधी गोष्ट कळायला आम्हाला इतके दिवस लागले, याची मला लाज वाटली.

मे महिन्यात मदर्स डे येतो तेव्हा माझी मुलगी मला केक पाठवते. केक आणणारा माणूस दारात उभा राहून ओटीपी मागतो, मी चष्मा शोधते, मग तो अख्खा केक मी एकटी आठवडाभर खाते. तक्रार नाही, केक चांगला असतो. पण आमच्या घरी आईचा सण म्हणजे श्रावणातली अमावस्या. देशावर त्या दिवशी बैल सजवतात. आमच्या वाडीतले बैल केव्हाच गेले, पण आई होती, म्हणून पिठोरी होती. पूर्वी योगिनींच्या मूर्ती पिठाच्या करायच्या, त्यावरून ते नाव. आता भिंतीवर छापील चित्र लावतो आणि पिठाचे फक्त दिवे करतो. तेरडा आणि रानातला पाला आम्ही लहानपणी ओढ्यापलीकडून आणायचो. आता पलीकडे टॉवर झालेत, त्यांच्या कंपाउंडला लागून जे उगवतं ते दादा वॉचमनला विचारून तोडून आणतो.

पूजा झाली की आई गोष्ट सांगायची. एका बाईचं मूल दरवर्षी नेमकं याच दिवशी जायचं. सासऱ्याचं श्राद्ध, माणसं पानावर बसायची आणि आत पोर जायचं. शेवटी सासरच्यांनी मेलेलं पोर तिच्या ओटीत घातलं आणि तिला घराबाहेर काढलं. ती रानात गेली, शंकराच्या देवळाजवळ बेलावर चढून बसली. रात्री तिथे चौसष्ट योगिनी आल्या, त्यांनी पूजा केली, खीरपुरीचा नैवेद्य वर धरला आणि विचारलं, "अतीत कोण?" म्हणजे दारी कोण पाहुणा आला आहे? झाडावरून ही म्हणाली, "मी आहे." मग त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिची सगळी मुलं उठवून दिली. हे शेवटचं वाक्य आई घाईघाईने उरकायची. गोष्टीत सगळ्यात आनंदाची जागा तीच, पण तिथे तिचा आवाज कधी चढला नाही.

गोष्ट संपली की आम्ही पोरं तिच्या पाठीमागे बसायचो. ती खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरायची आणि विचारायची, "अतीत कोण?" 'अतीत' खाली, 'कोण' वर, आणि शेवटी आवाज थोडा लांबवून, विहिरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. मागे वळायचं नाही, हा तिचा नियम. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा आमचा. नावही सांगायचं नाही. "मी आहे," एवढंच. आवाजावरून तिला कळायचं आणि मग ताट हातात पडायचं. आधी दादा, मग मी. लग्न झालं तरी माझं ताट चुकलं नाही, साठी उलटली तरी नाही. पाठमोऱ्या आईला आपण कोण आहोत ते नुसत्या आवाजाने कळतं, याचं सुख मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही.

आणि मग तिसरं ताट. आमच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. चालायला लागला होता म्हणतात. तापात गेला. त्याचा फोटो नाही, आणि त्याचं नाव आईने आमच्यासमोर कधी घेतलं नाही. सगळ्यात थोरल्याचं ताट सगळ्यात शेवटी. आई तेही डोक्यावरून मागे धरायची आणि तस्संच विचारायची, "अतीत कोण?" कुणी काही बोलायचं नाही. मी लहान होते तेव्हा दादा त्या वेळी माझा दंड धरून बसायचा, न जाणो ही आगाऊ पोरगी तोंड उघडेल. एखाद-दोन श्वास आई थांबायची. मग ताट हळूच पुढे घ्यायची, उठायची आणि वाडीत केळीच्या बुंध्याशी ठेवून यायची. सकाळी ताट रिकामं असायचं. कोण खाऊन गेलं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

यंदा ती एवढ्या खुणा करत होती ते पूजेसाठी नव्हे. पूजा वहिनीने केली असती. आईला "अतीत कोण?" विचारायचं होतं. दादाने तर मनात पक्कं धरलं होतं की ते शब्द येणार. बोलणं शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की पाठ असलेलं, गाण्यातलं, आरतीतलं कधीकधी आपोआप येतं. आणि एकदा सांजवेळी आईने खरंच "जय देव जय देव" म्हटलं होतं, दोन्ही 'जय' अगदी लख्ख. "बघ तू, बाय," दादा मला म्हणाला. "जन्मभर विचारलंय तिने. हे कसं जाईल?" मी त्याला म्हटलं, उगाच तिच्या मागे लागू नको. खरं तर आशा मलाही होती आणि तिचीच मला भीती वाटत होती.

अमावस्येच्या संध्याकाळी वहिनीने आईला नवं लुगडं नेसवलं आणि खुर्चीत बसवलं. पाटावर बसणं आता जमत नाही. आम्ही दोघं खुर्चीमागे जमिनीवर बसलो, दादाचे गुडघे कटकट वाजले. वहिनीने पोथीतून कहाणी वाचली. मुलं उठली, तिथे आई खिडकीबाहेर बघत होती, असं वहिनीने मला नंतर सांगितलं. मग वहिनीने तिच्या डाव्या हातात हलकं ताट दिलं, चमचाभर खीर आणि एक पुरी. आईने ते उचललं आणि डोक्यावरून मागे आणलं.

"अ..." ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अ... अ... चला चला."

ती थांबली. आपल्या तोंडून काय गेलं ते तिला ऐकू आलं होतं. ताट पुढे आलं, मांडीवर टेकलं.

"चालेल आई, चालेल की," दादा घाईने म्हणाला. "मी आहे."

तिने जोरात मान हलवली. नाही. विचारलंच नाही अजून, तू बोलतोस कसा? पुन्हा ताट मागे आलं. पुन्हा चला चला. पुन्हा मांडीवर. दादाला राहवलं नाही, मागूनच तिच्यासाठी तो हळूच म्हणाला, "अतीत..." आणि आई अशी ओरडली, त्याच दोन शब्दांत, की वहिनीने जीभ चावली. तो प्रश्न तिचा होता, तो दुसऱ्या कुणी विचारायचा नव्हता. मी खुर्चीच्या पाठीला नुसती धरून बसले होते. एक शब्द कुणाच्या तोंडात घालता आला असता तर मी माझे सगळे दिले असते. मला तसेही पुष्कळ येतात आणि त्यांनी कधी कुणाचं भलं झालेलं नाही.

किती वेळा झालं मोजलं नाही. शेवटी तिने ताटाचा काठ नीट धरला. तिने ताट पुन्हा मागे आणलं, आणि म्हणाली, "चला... चला?" पहिलं खाली, दुसरं वर, आणि शेवटी आवाज थोडा लांबवून. शब्द चुकीचे होते. चाल तीच होती.

"मी आहे," दादा म्हणाला. 

तिने ताट सोडलं. माझ्यासाठी दुसरं ताट आलं, तसंच विचारलं, मी म्हटलं, "मी आहे," आणि ताट माझ्या हातात पडलं. तिला बरं वाटलं की तिने हार मानली, मला सांगता येणार नाही. मला तिची फक्त पाठ दिसत होती.

तिसरं ताट वहिनीने तिच्या हातात दिलं. ते मागे आलं. "चला... चला?"

आम्ही गप्प बसलो, नेहमीसारखे. एक श्वास झाला, दोन झाले. ताट पुढे गेलं नाही.

"चला... चला?"

ताट एका बाजूला कलायला लागलं होतं. खीर ताटाच्या काठाशी आली. या ताटाला उत्तर येत नसतं, हे तिच्या लक्षातून गेलं होतं की काय? की इतकी वर्षं तिने आमच्यासाठी ताट लवकर पुढे घेतलं होतं, आणि आता तिला ते जमत नव्हतं? वहिनी समोरून आमच्याकडे बघत होती, काहीतरी करा म्हणून. दादाने डोळे पुसले आणि जन्मभराचा नियम मोडून म्हणाला, "मी आहे, आई."

आईने मान हलवली. तिने दादाचा आवाज ओळखला होता. तू नाहीस.

"चला... चला?"

तोंड उघडलं असतं तर तिने मलाही ओळखलं असतं. या घरात 'मी आहे' म्हणणारे आवाज दोनच होते आणि दोन्ही तिला पाठ होते. मी गुडघ्यांवर उठले आणि तिच्या कोपराखाली माझा हात धरला. तिने झटकला नाही. हाताचा सगळा भार हळूहळू माझ्या तळव्यावर आला. मला वाटलं होतं, मी तिला ताट पुढे घ्यायला मदत करेन. पण ती पुढे घेत नव्हती, आणि मीही घेतलं नाही. दारातून वाडीतली केळ दिसत होती. आम्ही दोघी ताट धरून थांबलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीसुद्धा कान देऊन ऐकू लागले, मागून कुणी बोलतंय का ते.