काळ्या माशाने घेतलेलं संकट

मी एक मासा मारला. भांड्याच्या साबणाने.

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा काचेचा गोल बाऊल होता. टीव्हीशेजारी शोभतो म्हणून मीच आणलेला. काय ती माझी अक्कल! तेव्हाची मी म्हणजे दिसेल ते घासत सुटणारी बाई. मासाही माझ्या लेखी स्टीलच्या डब्यांच्याच जातीचा. पाडव्याआधी साफसफाई काढली, तर बाऊल तरी कसा सुटेल? खडे साबणाने खळखळून धुतले, काच चकचकीत केली, नळाला आलेलं ताजं पाणी थेट भरलं, त्यात मुलाचा काळा मासा सोडला आणि लांब उभी राहून स्वतःवरच खूश झाले. मुलगा शाळेतून येईपर्यंत मासा आडवा.

त्याचाच होता तो. दप्तर टाकून मुलाने काचेला नाक लावलं की आतून तोही तोंड लावायचा.

मी हादरले. पण समोरच्या वहिनी धावत आल्या. "काळा होता ना? अगं, मग चांगलंच झालं की! घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. रडतेस काय, साखर ठेव देवापुढे."

आणि मी, बँकेत नोकरी करणारी ग्रॅज्युएट बाई, चक्क साखर ठेवली! हुंदके देणाऱ्या पोराला तेच ऐकवलं. महिन्याभरात ह्यांची बदली रद्द झाली, तेही त्या माशाच्याच नावावर लावून बिल्डिंगभर मिरवलं. हे मालवणचे. एवढंच म्हणाले, "बदली थांबवक मासो मारूचो लागता, ह्या माका म्हायत नव्हता."

 मुलाने बाऊल उचलून माळ्यावर टाकला.

आता त्याच्या मुलीने हट्ट धरला, घरात मासे हवेत. माझा लेक जेवता जेवता म्हणाला, "आणू. पण टाकीला आजीने हात लावायचा नाही." सुनेसमोर, नातीसमोर! माझ्याच घरात मला मनाई!  भांडायला तोंड उघडलं, पण माळ्यावर टाकलेला बाऊल आठवला.

टाकी घ्यायला घाटकोपरला मात्र मी त्यांच्यासोबत गेलेच. दुकानदाराने आधी काय पुढे करावं? तोच गोल बाऊल. "आजी, हा न्या. झकास दिसतो. मासा काय, मेला की बदलायचा."

बदलायचा! मासा आहे की पडदा? "अरे, तुला मोरीत कोंडते आणि गोल गोल फिर म्हणते, फिरशील?" असं म्हटल्यावर त्याने गपचूप लांब चौकोनी टाकी काढली. ती आम्ही उन्हापासून लांब, भक्कम टेबलावर ठेवली. मासे आणण्याआधी काही आठवडे पाणी माशांना मानवेल असं व्हावं म्हणून नुसतं पाणी भरून फिल्टर चालू ठेवायचा असतो, हे मी आता या वयात वाचून शिकलेय. समोरच्या वहिनी, त्याच त्या, रोज डोकावून विचारायच्या, "काय गं, पाणी पाळलंय का?"

मग मासे आले. नात हरखली. मी लांबूनच, हात मागे बांधून बघायची. आणि एका रविवारी त्यातला एक गेला. आणला तेव्हापासूनच तो मलूल होता.

वहिनी चहा पीत बसल्या होत्या. नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "रडू नको गं. घरावरचं संकट घेतलं त्याने."

माझं डोकंच फिरलं. "कसलं संकट, वहिनी? आजारी होता, गेला! आणि तेव्हाच्या काळ्याने पण काही घेतलं नव्हतं. त्याला मी मारलं. खडे साबणाने धुतले, नळाचं पाणी क्लोरीनसकट तसंच ओतलं, म्हणून मेला तो. आपण मारायचं, वर त्यालाच देव करून मोकळं व्हायचं! माझं पोर रडत होतं आणि मी साखर ठेवत बसले होते!"

वहिनी चहा अर्धा टाकून उठल्या. अजून बोलत नाहीत. नकोत बोलू.

मागे वळले तर दारात लेक उभा. सगळं ऐकलेलं. 

पुढच्या रविवारी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याची बादली त्याने टाकीपाशी आणली आणि पाणी काढायची नळी माझ्या हातात दिली.

"आई, आज पाणी तू बदल. फक्त भांड्याचा साबण आधी माझ्याकडे दे."