शिरेबाहेरचा फॅक्टर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराच्या, पेशंटसाठी एक छोटी खोली आहे, तिथे मी नर्स. पेशंट येतात, इंजेक्शन घेऊन जातात, मागे काहीतरी राहून जातं. डबा खाताना एकीनं सुरुवात केली की दुसरीला आठवतं.

*

काशीदच्या हिराबाई मासळी विकतात. त्यांचा मुलगा नितीन जाळी विणतो. त्यानं दाढ काढली आणि चार दिवस रक्त थांबेना, म्हणून आमच्याकडे आला. आमच्या डॉक्टर मॅडमनी काचेच्या दोन नळ्या घेतल्या. एकीत माझं रक्त, दुसरीत नितीनचं. थोड्या वेळात माझं दह्यासारखं धरलं, नळी आडवी केली तरी हललं नाही. नितीनचं पाण्यासारखं सरकत राहिलं. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरपैकी आठवा ह्याच्यात जवळजवळ नाहीच, असं मॅडमनी सांगितलं.

हिराबाई कितीतरी वेळ माझ्याच नळीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तो आठवा बाटलीत मिलंल का?"

मिळतो.

*

मिळतो, पण शरीराबाहेर त्याला फार जपावं लागतं. पावडर असते, ती फ्रीजमध्ये ठेवायची, गोठवायची मात्र नाही. आम्ही नुसतं "थंड ठेवा" म्हणालो. हिराबाईंनी बाटल्या घरी नेल्या आणि मासळीच्या पेटीत, मीठ घातलेल्या बर्फात पुरल्या. पावडरीबरोबरच्या पाण्याच्या बाटलीला तडा गेला. सगळं फुकट.

हिराबाई बाटल्या टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आल्या. चूक आमचीही होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. "सगला जन्म मासली राखली," त्या म्हणाल्या, "नि पोराचं औषध राखता आलं न्हाय."

*

माझी स्वतःची चूक तर कोणी विचारल्याशिवाय मी सांगत नाही. पावडरीत पाणी सोडलं की बाटली तळव्यांत हळूहळू फिरवायची. नवीन असताना मी ती खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवली. वर फेसच फेस. मॅडमनी ती बाटली बाद म्हणून बाजूला ठेवली. दुसरी हातात घेतली आणि मी घाईघाईनं तिचं झाकण ओढायला लागले.

समोर नितीन बसला होता. कोपरात रक्त साचून हात दुधीएवढा सुजलेला. म्हणाला, "सिस्टर, सावकाश करा. मला घाई न्हाय."

*

एकदा दत्ताराम आला. आतल्या गावचा भातशेती करणारा, त्यालाही आठव्याचीच कमतरता. मांडीत रक्तस्राव झाला होता. औषध कालवून सिरिंजमध्ये भरलं आणि शीर सापडेना. कालवलेला फॅक्टर काही तासांतच वापरावा लागतो. मी तीन ठिकाणी टोचलं. दत्तारामची बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

नितीन शेजारच्या खुर्चीतून उठला, दत्तारामच्या मनगटाजवळ बोट टेकवून थांबला आणि म्हणाला, "हितं बघा." शीर तिथंच होती. कसं कळलं, विचारलं. म्हणाला, "स्वतःच्या हातावर शिकलो."

*

मागच्या पावसाळ्यात दत्ताराम बांधावरून घसरला, डोक्यावर पडला. मेंदूत रक्त उतरू लागलं होतं. होता तेवढा फॅक्टर मॅडमनी त्याला दिला. पुढचे डोस वाटेत होते, पण रस्त्यावर झाड पडल्यामुळे गाडी अडकली होती. मॅडम एकेका पेशंटला फोन करून घरी बाटल्या आहेत का, विचारत होत्या.

दुपारी नितीन आणि हिराबाई रिक्षातून उतरले. घरी ठेवायला दिलेल्या सगळ्या बाटल्या आइसबॉक्समध्ये घालून आणल्या होत्या. मॅडमनी प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचली, थंडावा तपासला आणि आम्ही औषध कालवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत गाडी पोचली. दत्ताराम वाचला. आज तो शेतावर जातो.

पण ते सगळं नंतरचं. बाटल्या उतरवून घेताना मॅडमचं लक्ष नितीनच्या पायाकडे गेलं. गुडघा टम्म सुजला होता, त्याला पाय टेकवत नव्हता. त्याच्या दुखण्यासाठीच त्या बाटल्या होत्या. मॅडमनी विचारलं, "नितीन, आणि तुझा गुडघा?"

नितीन भिंतीला धरून उभा होता.

"गुडघा डोक्याच्या खालीच असतो, मॅडम."