अत्तराचा फाया

माझ्या डाव्या कानात कायम अत्तराचा फाया असायचा. ‘हिला लय हौस,’ म्हणायच्या सासरकडच्या बायका. हौस कसली डोंबलाची! कान वाहायचा, त्याला वास यायचा, म्हणून फाया. माहेर मिरजेजवळ, तिकडून सासरी मेढ्याला परत येताना अत्तराची बाटली ठरलेली. कान लहानपणीच फुटलेला. आधी आईनं त्यात लसणाचं कोमट तेल घातलं, लग्नानंतर सासूबाईंनी. दोघींचं म्हणणं एकच, ‘वाहतोय ते बरं हाय, घाण भायेर पडतीया. थांबला तर डोक्यात जाईल.’ मलाही ते पटलेलं. कान कोरडा पडला की उलट धास्तीच वाटायची.

गेल्या थंडीत एका सकाळी बशीतला चहा फुंकायला गेले, तर फुंकर वाकडीच निघाली. घोट घेतला, तो ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर. मला हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्या माझ्याकडंच बघत होत्या.

“आगं बया, तुजं त्वांड वाकडं झालंय!”

आरशात बघितलं. उजवी बाजू माझी होती. डावी ढिम्म. डोळासुद्धा मिटेना. तिथंच मोरीच्या कडेला बसले.

वारं गेलं, असं शेजारणींनी ठरवूनही टाकलं. कुठल्या गावात वारं उतरवणारा आहे, त्यावर चर्चा सुरू झाली. नवरा फौजेत, तो फोनवर ओरडला, “आधी साताऱ्याला जा. कुणाचं काय ऐकू नको.”

साताऱ्याच्या दवाखान्यात मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी फाया चिमट्यानं ओढून काढला आणि कानातच बघत बसल्या. माझं डोकं सटकलं.

“आवं मॅडम, तोंड वाकडं झालंय माझं. कानात काय बघताय?”

“कानामुळंच झालंय ते,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईला कळत नाही. मग त्यांनी स्कॅन काढायला लावला आणि तो समोर धरून सांगितलं. पडद्याला भोक होतं. त्यातून कातडी आत वाढत गेली होती आणि तिनं कानामागचं हाड खाल्लं होतं. चेहरा हलवणारी नस त्याच हाडातून जाते. त्याच्या वर मेंदू.

“पण दुखला नाही हो कधी!”

“हा दुखत नाहीच. म्हणून तर लोक वर्षानुवर्षं फाया घालून बसतात. तेल नको, पाणी नको. कान कोरडा राहायला हवा होता.”

कोरडा! ज्याला जन्मभर भ्यायले, तेच औषध होतं.

ऑपरेशन झालं. चेहरा ठिकाणावर येईल, पण सावकाश, असं सांगून त्यांनी घरी सोडलं. डोक्याला पट्टी, अत्तर बंद. दुपारी मी पडले होते, तर पाच वर्षांची लेक कुशीत येऊन झोपली. हाक मारली की ओ द्यायची नाही, म्हणून घरात तिला सगळे हट्टी म्हणायचे. तिच्या केसांत नाक घातलं आणि मी ताडकन उठून बसले. तो वास माझ्या ओळखीचा होता. माझ्या अत्तरापायी तो आजवर मला आलाच नव्हता.

तेवढ्यात सासूबाई कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या.

“हिचा बी वाहतोय गं. मीच घालतीया तेल. वाहतोय ते बरंच, त्यात तुला काय सांगायचं?”

मी वाटी हातानं उडवली. तेल भिंतीवर गेलं. लेक दचकून उठली. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“फुंकर मार बघू. आईच्या तोंडावर मार.”

तिला ऐकूच गेलं नाही. मग मी माझ्याच वाकड्या तोंडानं फुंकून दाखवलं. तिला वाटलं खेळ चाललाय. तिनं गाल फुगवले आणि मारली. फुंकर सरळ आली, माझ्या दोन्ही डोळ्यांवर.

मी ढसाढसा रडले. मग तिला कडेवर घेतलं, चप्पल घातली आणि साताऱ्याच्या एसटीसाठी निघाले.

“आगं, तुजे टाकं अजून वले हाईत!” सासूबाई ओरडल्या. मी थांबले नाही. मग मागून त्यांचा आवाज आला, पार बारीक झालेला.

“थांब गं. मी बी येती.”