शेण, साप आणि जाऊबाई

मोठ्या जाऊबाईंना गोल्फमध्ये एकदा तरी हरवायचंच, असं मी ठरवलं होतं, आणि आता हातात एकच सकाळ उरली होती. दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या पुण्याला, लेकाकडे निघणार होत्या. दोघींनाही ह्या खेळाचा नाद लावला आमच्या ह्यांनी, फौजेतून निवृत्त होऊन नगरला आल्यावर. ज्याचे फटके कमी तो जिंकला, एवढं सोपं वाटलं होतं. कसलं सोपं!

त्या सकाळचंच बघा. जाऊबाईंचा चेंडू ताज्या शेणात जाऊन बसला. ह्यांनी नियम सांगितला, भोवतीचं शेण काढता येईल, पण चेंडूला चिकटलेलं पुसायचं नाही. "म्हंजी? सारवन करू का हितं?" म्हणत जाऊबाईंनी तसाच फटका हाणला. शिंतोडा थेट ह्यांच्या पांढऱ्या टोपीवर! डोंगरातल्या राजूरचं माहेर त्यांचं, मनगटात जोर भारी. पुढे माझा चेंडू बाभळीच्या काट्यांत शिरला. शेजारी साप असता तर चेंडू दंडाशिवाय लांब ठेवता आला असता, काट्यांना मात्र सवलत नाही. हा कुठला न्याय? अशी चिडले म्हणता! पण कोपर ओरबाडून घेतलं आणि तिथूनच मारला. आज माघार घ्यायचीच नव्हती.

शेवटच्या होलला जाऊबाईंचा चेंडू आत पडून झाला होता. माझा पुढचा फटका आत गेला की मी एका फटक्यानं जिंकणार होते. मारला. चेंडू गेला आणि होलच्या अगदी काठावर अडला. अशा वेळी जवळ जाऊन दहा आकडे मोजेपर्यंत थांबता येतं. त्यानंतर पडला तर एक फटका दंड. आमचे हे मोजायला लागले. दहा झाले, तरी चेंडू हलेना. आणि मग, काय सांगू, पडला की हो मेला!

दंड धरून दोघींचे फटके सारखे झाले.

"आगं, पडला न्हवं? जितलीस तू," म्हणत जाऊबाईंनी मला जवळ घेतलं. "जाता जाता तेवढं तरी घे."

मला रडूच फुटलं. जिंकायचं होतं हो, पण त्यांनी जाऊ नये असं त्याहून जास्त वाटत होतं.

"नाही जाऊबाई, बरोबरी झालीय. निकाल लावल्याशिवाय मी सोडायची नाही तुम्हाला. दिवाळी झाली की नगरची एसटी धरायची."

"आन् तवाबी बरोबरी झाली तर?"

"तर पुन्हा यायचं."