बकरीसुद्धा चालवील

शिळफाट्याच्या पलीकडे प्लास्टिकच्या पिशव्या कापायचा एक कारखाना आहे. तिथे मी मेंटेनन्सला लागलो तेव्हा माझ्या तोंडाला ब्रेक नव्हता. भिवपुरीचं वीजघर अडलं की आधी मलाच निरोप येतो, असं मी चहाच्या सुट्टीत सांगायचो. लोक हसायचे आणि वर चहा पाजायचे.

आमच्या कटिंग मशीनची स्टेपर मोटर मात्र माझ्या थापांना भीक घालत नसे. ही मोटर पावलं मोजत फिरते. इतकी पावलं झाली की पिशवी कापायची. ड्राइव्ह म्हणजे तिला एकेक पाऊल टाकायला लावणारी पेटी. आमची पेटी जुनी, कमी व्होल्टेजची. वेग वाढवला की मोटरचा जोर जायचा, दोन-चार पावलं ती खाऊन टाकायची आणि पशुखाद्याच्या पिशव्यांवर म्हशीचं तोंड एकीकडे, शेपूट दुसरीकडे.

तिला सांभाळायचे एकटे काका. लोधिवलीहून सायकलने येणारे, कंत्राटावरचे ऑपरेटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर, मूठ कानाला. पाऊल चुकायच्या आधी मोटरचा आवाज घोगरा व्हायचा. तो ऐकू आला की काका वेग उतरवायचे. मीही कान लावून "आला, आला" म्हणायचो. खंडाळ्याच्या घाटात कुणी शिंकलं तरी त्या कानाला कळायचं, हे मी शपथेवर सांगतो. त्या कानावरच त्यांच्या कंत्राटाची मुदत दरवर्षी वाढत होती.

मग साहेबांनी हाय-व्होल्टेज ड्राइव्ह मागवला. मी बसवला. मोटर दुप्पट वेगाने धावायला लागली, एक पाऊल चुकेना. आवाज म्हणाल तर झोपलेल्या मांजराएवढा.

साहेबांनी विचारलं, "ऑपरेटरला शिकवायला किती दिवस लागतील?"

सगळी शिफ्ट भोवती उभी. माझी छाती गोदामाएवढी झालेली. म्हणालो, "शिकवायचं काय साहेब? बकरी उभी केली तरी चालवील!"

सगळे हसले. काकाही हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

महिनाअखेरीला काकांचं कंत्राट वाढलं नाही.

मी केबिनमध्ये धावलो. "साहेब, ती बकरीची थाप होती."

"तुमच्या सगळ्याच थापा असतात," ते म्हणाले, "ही एक खरी निघाली."

मी सांगितलं, हा ड्राइव्हसुद्धा पावसाळ्यात पावलं खाईल, काकांचा कान लागेल. साहेबांनी नुसतं काचेतून बाहेर बोट केलं. छतापर्यंत पिशव्यांची चळत लागली होती. एकूण एक म्हैस सबंध.

शेवटच्या दिवशी दुपारी काका मशीनपाशी उभे होते. स्क्रूड्रायव्हर कानाला.

"काय ऐकू येतंय, काका?"

"काय बी नाय रं. गप हाय." मग मूठ पुसून त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तुझी बकरी कवा येतेय कामाला?"

मी तो खिशात घातला.

"तिला कानाला लावाय शिकव," म्हणाले, आणि सायकल काढायला गेले.

त्यानंतर काकांच्या जागी कुणीच आलं नाही. मोटर एकटीच पावलं मोजते. तिच्याजवळून जाताना मी स्क्रूड्रायव्हर लावून बघतो. मला पूर्वीही काही ऐकू येत नव्हतं. येतं म्हणून सांगायचो, एवढंच.