मोहाखालची चाकोरी

माझी बायको दिव्यानी अहेरीत मालवाहू पिकअप चालवते आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसतो. यावर बाजारात पुष्कळ विनोद झाले आहेत. त्यातले बरे मीच केलेत.

गेल्या चैत्रात तिनं नवंच काम घेतलं. जंगलातल्या कच्च्या वाटा दाखवणारं ॲप एका कंपनीनं काढलंय. प्रत्यक्ष गाडी घालून ते तपासायचं. गाडी सलग पार झाली की मोबाइलवर ती वाट हिरवी होते, मध्ये फार वेळ थांबली की लाल. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर आता तोच नकाशा बघतात, लाल वाटेवर चाक घालत नाहीत. म्हणून दिव्यानीनं पहिली वाट माहेरची निवडली. तिच्या वहिनीचे, बुधरीचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला खाटेवरून सडकेपर्यंत नेताना तिचं बाळ वाटेतच गेलं होतं.

नाल्यात मी डोळे मिटले ते पलीकडच्या काठावरच उघडले. दगड, मुळं, खड्डे, सगळं दिव्यानीनं शिव्या देत पार केलं. आणि घरं दिसायला लागली तिथंच करकचून ब्रेक दाबला. पुढं चाकोरीभर मोहफुलं पडली होती.

"काऊन थांबली? वाट लाल होईन नं!"

"मोहावरून चाक नेऊ? तुमी नेलं असतं?"

नसतं नेलं. मोह आमच्यात कोणी पायानंही तुडवत नाही. आणि ज्याचं झाड, त्याच्याच घरानं वेचायचं. तिनं हॉर्न दाबून धरला.

टोल्यावरची अख्खी वस्ती टोपल्या घेऊन धावत आली. गाडी फार वेळ थांबू द्यायची नाही, असं दिव्यानीनं खिडकीतून ओरडून सांगितलं, तसा जो तो आपापल्या झाडाखाली वाकला आणि चाकांपुरती फुलं वेचू लागला. माणसं पुढं, गाडी मागं, पावलापावलानं. इतकं मोठं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटचं झाड बुधरीचं. तिचा नवरा सुकलू मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. सगळे हात थांबले. ती कमरेवर हात ठेवून आली. बायका म्हणाल्या, "तू सांग, आमी वेचतो." तिनं मान हलवली.

"माह्यासाठी गाडी येऊन राह्यली. मीच वेचीन."

खाली बसून, सरकत सरकत, ती पदरात फुलं घेत गेली. मागं गाडी मुंगीच्या चालीनं. दिव्यानीच्या शिव्या केव्हाच थांबल्या होत्या. ती डोळे पुसत स्टेअरिंग धरून होती.

अंगणात पोचलो आणि वाट हिरवी झाली. बुधरीनं खिडकीला धरून विचारलं, "आता ते दवाखान्याची गाडी येईन इथी?"

"येईन, वैनी," दिव्यानी म्हणाली. "नाई आली तं मी येईन."