धुळकट पोरीचं इंग्रजी

मी नववीत होते तेव्हा दुष्काळ होता. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि शाळेआधी मीही तिच्यासोबत बसायचे. तिथून पळत कळंबच्या शाळेत. अंगावरची धूळ झटकायलाही वेळ नसायचा.

एक दिवस इंग्रजीचे सर वाक्यांचे प्रकार शिकवत होते. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी झाले. उद्गारार्थीपाशी आले नि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "व्हॉट अ डस्टी गर्ल शी इज!" मग अर्थही सांगितला, "किती ही धुळकट पोरगी!" वर्ग हसला. सरांनी ते वाक्य सगळ्यांकडून पाच वेळा लिहून घेतलं. माझ्याकडूनही.

तिथून पुढं मी इंग्रजी शिकले ती रागानं.

दहा-बारा वर्षांनी मी धाराशिवला सहकारी दूध संघात टायपिस्ट होते. निवृत्त झालेले सर तिथं संचालक होऊन आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. संघाला शीतकेंद्र हवं होतं, त्यासाठी दिल्लीचे साहेब पाहणीला येणार होते. सरांनी स्वागताचं इंग्रजी भाषण लिहून टाइप करायला दिलं. सुरुवात अशी: "व्हाय हॅव यू कम हिअर? व्हॉट कॅन यू डू फॉर अस?" प्रश्न टाकून मग आपणच उत्तरं द्यायची, असं वक्तृत्व सरांना साधायचं होतं. ऐकणाऱ्याला मात्र ते 'कशाला आलात? आमचं काय भलं करणार?' असंच वाटणार होतं.

"चूक दिसती का काही?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर. वाक्यं व्याकरणात बसत्यात."

यात खोटं काही नव्हतं.

सरांनी भाषण घोळवून घोळवून वाचलं. साहेबांचा चेहरा उतरला. "आपने बुलाया, इसलिए आये," ते म्हणाले. संघाच्या अध्यक्षांनी सरांच्या हातातून कागदच काढून घेतला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत साहेबांची समजूत घातली. शीतकेंद्र मिळालं. सरांना मात्र परत कुणी माइकपुढं उभं केलं नाही.

संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. "बाई, तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाय?"

मी त्यांना नववीतला तो तास सांगितला. "म्हणलो असंन. आठवत न्हाय," ते म्हणाले आणि एसटी धरायला निघून गेले.

त्यांना आठवतसुद्धा नव्हतं! राग निवायचा सोडून जास्तच भडकला.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. इंग्रजी तिला कळणार नव्हतं, पण अध्यक्षांनी कागद कसा ओढला, ते तिनं तीनदा विचारलं. भाकरी तव्यावर करपली तरी म्हणाली, "परत सांग."